अण्णा, रोजकीर्द आणि माझा लॅपटॉप

नल्लकुंट्याच्या आठवणी सगळेच लिहितायत, शंकरमठ, फीवर हॉस्पिटल वगैरे. माझी जरा वेगळी आहे.

२०१६ चा मे महिना. शंकरमठाजवळच्या गल्लीत आमचं दोन खोल्यांचं भाड्याचं घर. माझी नोकरी गेलेली. एका गेम स्टुडिओनं सांगितलं होतं, दहा दिवसांत चालता गेम करून दाखवा, मग बघू. मी आपला घरचा अष्टाचंगा घेतला. पट, कवड्या, सोंगट्या, सगळं युनिटीमध्ये. लॅपटॉप सेकंडहँड, रॅम ४ जीबी.

सहाव्या दिवशी प्ले दाबलं की सगळं थिजायला लागलं, आणि मग युनिटी बंदच पडायचं. लायब्ररी फोल्डर उडवलं (ते परत तयार होतं), युनिटी नव्यानं टाकलं, अँटीव्हायरस बंद केला, लॅपटॉपवर टेबलफॅन सोडला. सगळं एकाच रात्रीत. फरक शून्य. रडकुंडीला येऊन म्हटलं, "अण्णा, नवा लॅपटॉपच लागेल."

"एफडी मोडू," अण्णा म्हणाले. ती त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ठेवलेली. मला काही झोप लागली नाही.

अण्णा स्टेट बँक ऑफ हैदराबादमधून निवृत्त झालेले. सकाळी चहा घेताना म्हणाले, "अगं, हे मशीन रोजकीर्द ठेवतं का काही? आमच्याकडे फरक आला की आधी कीर्द वाचायचो. दिसेल ते खोडत नाही सुटायचो."

ठेवतं की! एडिटर डॉट लॉग. मी एकदाही उघडली नव्हती. अण्णांना स्क्रीन दिसायची नाही, म्हणून एकेक ओळ मोठ्यानं वाचत गेले. शेवटाजवळ सापडलं: सिस्टिम आऊट ऑफ मेमरी, मागितलेली जागा ६७१०८८६४ बाइट.

"हा आकडा आला कुठून? फोड कर," अण्णा.

४०९६ गुणिले ४०९६ गुणिले ४. माझंच एक चित्र! छान दिसावं म्हणून मीच आकार वाढवून कॉम्प्रेशन बंद केलेलं. डिस्कवर २ एमबीची फाइल, पण उघडली की मेमरीत ६४ एमबी. अशी ४० चित्रं, म्हणजे अडीच जीबी. विंडोज बिचारं बसणार कुठे? आकार ५१२ वर आणला, चित्र १ एमबीचं झालं. बाकी कशालाच हात लावला नाही. प्ले दाबलं, कवड्या पडल्या.

गेम वेळेत दिला. ती नोकरी काही मिळाली नाही. पण एफडी वाचली, जुलैत अण्णांचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर त्यांनी गेम मागून घेतला आणि मला दोनदा हरवलं.

आज ऑफिसात नवी पोरं "मॅम, क्रॅश झालं" म्हणत येतात, तेव्हा मी आधी विचारते, लॉग वाचली का? आणि हो, क्रॅशनंतर लगेच ती कॉपी करून ठेवा. युनिटी परत उघडलं की जुनी 'एडिटर प्रिव्ह' होते, दुसऱ्यांदा उघडलं की गेलीच.

तुमच्या घरी होतं का कुणी असं कीर्द वाचणारं? लिहा.