पहिली उमेदवारी

'उमेदवार' हा शब्द हल्लीं बहुधा निवडणुकीच्या बातम्यांतच वाचावयास मिळतो. पूर्वीं कचेरींत बिनपगारी किंवा अल्प वेतनावर राहून काम शिकणाऱ्या तरुणास उमेदवार म्हणत. त्यानें वरिष्ठांच्या कागदांच्या नकला कराव्या, बेरजा ताडून पाहाव्या, आणि पुढें जागा रिकामी झाल्यास ती आपणांस मिळेल अशी उमेद बाळगावी. आजचे विद्यार्थी यासच 'इंटर्नशिप' म्हणतात. नांव परकें असलें तरी वस्तु आपल्या घराण्यांस अपरिचित नाहीं. परंतु बँक, शेअरदलालाची पेढी किंवा लेखापरीक्षकाची कचेरी, अशा ठिकाणीं कांहींच अनुभव नसलेल्या कॉलेजांतील मुलानें शिरकाव करावा कसा, हा प्रश्न आज अनेक घरांत काळजीचा झाला आहे. गेल्या वर्षीं तो आमच्याही घरीं उपस्थित झाला. त्या निमित्तानें जें सुचलें तें वाचकांपुढें ठेवितों.

आमच्या धाकट्या बंधूंचा नातू वाणिज्यशाखेच्या दुसऱ्या वर्षांत होता. सुटींतील कामाकरितां त्यानें तीसचाळीस ठिकाणीं अर्ज धाडले. बहुतेकांकडून उत्तरच आलें नाहीं. जीं दोनतीन उत्तरें आलीं त्यांत पूर्वानुभवाची विचारणा होती. एके रात्रीं जेवतांना तो म्हणाला, "आजोबा, अनुभवाशिवाय काम नाहीं, आणि कामाशिवाय अनुभव नाहीं. मग सुरुवात करायची तरी कुठून?" आमचा जन्म संस्कृत शिकविण्यांत गेला, आम्हांस नैयायिकांचा अन्योन्याश्रय दोष आठवला. दोन गोष्टी एकमेकींवरच अवलंबून असल्या म्हणजे दोहोंपैकीं एकही सिद्ध होत नाहीं. तें चक्र तोडावयाचें, तर त्यांतील एक गोष्ट निराळ्याच मार्गानें सिद्ध करावी लागते.

घरांत दोन उपाय पुढें आले. नात्यांतील एक गृहस्थ बँकेंत मोठ्या हुद्द्यावर आहेत, त्यांची चिठ्ठी आणावी, हा वडील मंडळींचा. एका काकांच्या पेढीवर दोन महिने काम केल्याचें अर्जांत ठोकून द्यावें, विचारतो कोण, हा त्याच्या मित्रांचा. पहिल्या उपायाचा आम्हांस तिटकारा नाहीं. ओळखीनें दार उघडतें. आंत गेल्यावर बेरीज ज्याची त्यासच करावी लागते. दुसऱ्यास मात्र आम्हीं साफ नकार दिला. ज्यास पुढें दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब ठेवावयाचा, त्यानें स्वतःच्या खात्यांतील पहिलीच नोंद खोटी करावी काय? तो म्हणाला, "खरं लिहायचं तर माझा कागद कोरा राहतो, आणि कोरा कागद कोणी वाचत नाहीं." त्याच्या म्हणण्यांत तथ्य होतें. खरें बोलावें असा उपदेश करणें सोपें आहे. मुलाजवळ खरें सांगण्यासारखें कांहीं असावें, याची तजवीज करणें हें उपदेश करणाराचें खरें काम होय.

आमच्या इमारतीच्या सहकारी संस्थेचे खजिनदार वृद्ध झाले आहेत. त्यांच्या हाताखालीं आम्हीं त्यास दिलें. तीन महिने त्यानें पावत्या क्रमानें लाविल्या, कीर्दीवरून खतावणी केली, व बँकेच्या उताऱ्याशीं ताळमेळ घातला. एकदां सातशें वीस रुपयांचा फरक कांहीं केल्या मिटेना. दोन रात्री शोध केल्यावर उमगलें कीं, संस्थेनें दिलेला एक चेक घेणारानें अद्याप बँकेंत भरलाच नव्हता. त्या रात्रीं त्याचा चेहरा परीक्षेंत पहिला आल्यासारखा फुलला होता. याच काळांत त्यानें एका नामांकित कंपनीचे पांच वर्षांचे वार्षिक अहवाल वाचिले. शेअरबाजारांत नोंदलेल्या कंपन्यांचे अहवाल कोणासही फुकट वाचतां येतात, परंतु वाचणारे थोडे. विक्री, नफा, कर्ज व रोकड यांचा तक्ता त्यानें संगणकावर मांडला, आणि आंकडे कां बदलले असावे यावर दोन पानें लिहिलीं.

मग त्यानें नवा अर्ज लिहिला. त्यांत आत्मस्तुति नव्हती. काय केलें व काय येत नाहीं एवढेंच होतें. मोठ्या कंपन्यांचा नाद सोडून तो जवळपासच्या लेखापरीक्षकांच्या कचेऱ्यांत स्वतः जाऊन अर्ज देऊन आला. सहाव्या ठिकाणीं त्यास आंत बोलाविलें. "पत्रकांत नफा दिसतो, पण हातांत पैसा नाहीं, असं कां होतं?" असा प्रश्न झाला. तो उत्तरला, "आमच्या संस्थेंत वर्गणी जमेस धरली जाते, पण कांहीं सभासद ती वेळेवर भरीत नाहींत. उत्पन्न वहींत असतं, आणि विजेचं बिल मात्र रोख द्यावं लागतं." दोन महिन्यांचें काम मिळालें. वेतन जाण्यायेण्याच्या खर्चापुरतें. काम पावत्या तपासण्याचें व वस्तु-सेवा-कराच्या विवरणपत्रांशीं बिलें ताडण्याचें. मौजेचें नव्हे, पण पायाचें.

कोणी म्हणेल, आरंभ इतका लहान असून पुढें काय होणार? चिंतामणराव देशमुखांनीं १९१२ सालीं मॅट्रिकच्या परीक्षेंत संस्कृताची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति मिळविली, आणि केंब्रिजला त्यांनीं वनस्पतिशास्त्राचा अभ्यास केला. पैशाच्या व्यवहाराचें शिक्षण त्यांस पुढें मध्यप्रांतांतील सरकारी कामांतच मिळालें. १९३९ सालीं ते रिझर्व्ह बँकेंत गेले व १९४३ सालीं तिचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. तशी बुद्धि सर्वांस नसते हें आम्ही जाणतों. तथापि काम हें काम करूनच येतें, हा नियम लहानथोरांस सारखाच आहे.

कुटुंबांतील वडील मंडळींस आमची दोन विनंत्या करण्याची इच्छा आहे. जी संस्था काम देण्यापूर्वीं मुलाकडूनच पैसे मागते, तिच्या वाटेस त्यास जाऊं देऊं नये. तेथें बहुधा शिक्षण नसून केवळ प्रमाणपत्राची विक्री असते. दुसरें, घरचा जमाखर्च, उत्सवाची वर्गणी, वाचनालयाचा हिशेब, यांपैकीं एखादें खरें काम मुलाच्या हवालीं करावें, आणि चूक झाल्यास ती त्याच्याकडूनच शोधवून घ्यावी. परक्यानें आपल्या मुलावर विश्वास टाकावा अशी आपली अपेक्षा असेल, तर तो प्रथम घरांत टाकला गेला पाहिजे.