परतीचे डिझेल

आमच्या खाडीकाठच्या गावात ज्या घरातून कोणी आखाताला गेले नाही असे घर शोधावे लागेल. कोणी कंपनीत, कोणी दुकानात, आणि ज्यांच्या घरात दर्याचा वारसा आहे ते तिथेही पाण्यावरच. माझे मोठे मामू त्यांतलेच. नाना शिडाच्या गलबतावर तांडेल होते, मंगळुरी कौले घेऊन किनाऱ्याने वर-खाली करीत. मामू मच्छीमार लाँचवर खलाशी झाले, मग दुबईत टगबोटीवर गेले आणि गेली बारा वर्षे एका शेठच्या मोटरयॉटचे कप्तान आहेत.

"एकदा मुलांना घेऊन ये, तुला मुसंदम दाखवतो," असे ते दर सुट्टीत म्हणायचे. काही वर्षांपूर्वी डिसेंबरात तो योग आला. शेठनी चार दिवस बोट वापरायची परवानगी दिली होती. डिझेल मात्र मामूंनी स्वतःच्या खिशातून भरले.

मुसंदम हा ओमानचा तुकडा. मधे अमिरातीची जमीन असल्याने उरलेल्या ओमानपासून तुटलेला, होर्मुझच्या सामुद्रधुनीत टोक काढून बसलेला. तिथले मुख्य गाव खसब. दुबईहून पाण्याने सुमारे ९० सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर, आणि तासाला एक सागरी मैल हा वेग म्हणजे एक नॉट. शाळेत गणित शिकवत असल्याने मी लगेच विचारले, "मग किती तास?"

मामू हसले. "आधी किती लिटर ते विचार, बेटी. तास नंतर."

मरीनामध्ये आमची बोट शोधताना मुले हिरमुसली. दोन्ही बाजूंना काचेसारख्या चकचकीत, बाणासारख्या यॉट उभ्या होत्या, आणि आमची ४० फुटी, पोटाळलेली, जड. मामूंना त्याचे वाईट वाटले नाही. म्हणाले, "त्या पाण्यावर चढून पळतात, आपली पाण्यातून चालते. अशा यॉटची दोन इंजिने मिळून १,००० अश्वशक्तीची असली आणि पूर्ण जोरात चालवली, तर तासाला १८०-२०० लिटर पितात. पंचवीस नॉटने गेली तरी मैलाला सात-आठ लिटर. आपली मैलाला दोन लिटरही पीत नाही."

निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी आपली वही माझ्यासमोर ठेवली. निळ्या पुठ्ठ्याची, कडा डिझेलने काळवंडलेली. एका पानावर तीन ओळी होत्या. सहा नॉटला तासाला ७ लिटर. सात नॉटला १२. आठ नॉटला २२.

हे आकडे कुठून आणले, असे मी विचारले. इंजिन बनवणाऱ्याचा तक्ता असतोच, पण तो नव्या इंजिनाचा आणि स्वच्छ तळाचा. तळाला शेवाळ आणि शिंपले धरले, सामान वाढले, की तो तक्ता खोटा पडतो. म्हणून मामू टाकी गळ्यापर्यंत भरतात, जनरेटर बंद ठेवतात आणि इंजिनाचे फेरे एकाच आकड्यावर ठेवून पाच तास बोट चालवतात. अडीच तास जायचे आणि त्याच वाटेने अडीच तास यायचे, म्हणजे प्रवाहाने एकीकडे दिलेले दुसरीकडे वळते होते. परत आल्यावर टाकी पुन्हा गळ्यापर्यंत. जेवढे लिटर मावले त्याला पाचाने भागायचे. सात नॉटला ६० लिटर मावले होते, म्हणून तासाला १२.

मी मनात भागाकार केला. सहा नॉटला मैलाला सव्वा लिटरच्या आत, सात नॉटला १.७, आठ नॉटला पावणेतीन. वेग सहाचा आठ, म्हणजे एक तृतीयांशाने वाढला, आणि मैलाचा खर्च दुपटीच्याही वर गेला!

"कारण बोट चालताना स्वतःच एक लाट उठवते," मामू म्हणाले. "जितका वेग, तितकी लांब लाट. बोटीच्या लांबीएवढी लाट झाली की बोट आपल्याच लाटेच्या चढावर अडकते. मग कितीही डिझेल जाळ, ती नुसता धूर काढते." यासाठी एक सोपे गणित आहे. पाण्यात बुडालेल्या भागाची लांबी फुटांत घ्यायची, तिचे वर्गमूळ काढायचे आणि १.३४ ने गुणायचे. आमच्या बोटीची ती लांबी ३६ फूट. वर्गमूळ सहा, गुणाकार ८.०४. म्हणजे आठ नॉट ही तिची हद्द. हद्दीच्या एक पाऊल अलीकडे राहिले की स्वस्ताई. आठवीच्या वर्गात वर्गमूळ शिकवताना "टीचर, याचा उपयोग काय?" असे मुले विचारतात, त्यांना द्यायला मला उत्तर मिळाले.

टाकी ९०० लिटरची होती. मी म्हटले, "मग सात नॉटने ७५ तास, म्हणजे सव्वापाचशे मैल."

मामूंनी पेन घेऊन माझा आकडा खोडला. तळाचे १० टक्के त्यांनी आधीच वजा केले. नळी तळापर्यंत पोचत नाही, आणि तिथे गाळ नि पाणी साचलेले असते. राहिले ८१०. त्याचे तीन भाग केले, प्रत्येकी २७०. एक जायला, एक यायला. तिसऱ्या भागासमोर त्यांनी एकच शब्द लिहिला होता: अमानत.

"हा भाग माझा नाही," ते म्हणाले. "हा समुद्राचा हक्क. वारा फिरला, वाट चुकली, कोणाची बोट ओढून आणावी लागली, तर त्यातून. नाही लागला तर जसाच्या तसा परत."

शिवाय जनरेटर. फ्रीज, दिवे, पंखे, एसी यांच्यासाठी तो तासाला ३ लिटर घेतो, बोट चालो वा उभी राहो. म्हणून चालताना १२ चे १५ धरायचे. यातही एक गोम आहे. इंजिन वेगाप्रमाणे खाते, जनरेटर घड्याळाप्रमाणे. फारच हळू गेले तर तास वाढतात आणि वाचवलेले डिझेल जनरेटर पिऊन टाकतो.

असा सगळा हिशेब झाला. जायला १३ तास, १९५ लिटर. तिथे फिरायला ५०. दोन रात्री नांगरावर जनरेटर दहा-दहा तास, ६० लिटर. यायला पुन्हा १९५. एकूण ५००. मोकळीक ५४० ची. "निघू या, इन्शाअल्लाह," म्हणून त्यांनी वही मिटली.

बुधवारी पहाटे चारला निघालो. दुबईचे दिवे मागे पडेपर्यंत मुले झोपली होती. दुपारनंतर उजव्या हाताला सपाट वाळू संपून डोंगर सुरू झाले, तपकिरी, उघडेबोडके, सरळ पाण्यात उतरलेले. आमच्या सह्याद्रीवरून सगळी हिरवाई खरवडून काढली आणि पायथ्यापर्यंत समुद्र आत सोडला तर जे दिसेल ते हे. संध्याकाळी पाचला खसबला नांगर पडला. मामूंनी मापाची पट्टी टाकीत बुडवून पाहिली आणि वहीत लिहिले. काट्यावर त्यांचा भरवसा नाही.

गुरुवारी खोर शम पाहिला. डोंगरांत वाकडातिकडा शिरलेला समुद्राचा फाटा. जुन्या इंग्रजी नकाशांत त्याचे नाव एल्फिन्स्टन इनलेट, मुंबईकरांच्या कानाला ओळखीचे! पाणी तळ्यासारखे निवांत. डॉल्फिन बोटीच्या पुढे पुढे उड्या मारत होते आणि धाकटा किंचाळत होता. काठाला चार-दोन घरांची गावे आहेत, त्यांना रस्ता नाही. माणसे बोटीने येतात, पिण्याचे पाणीही बोटीनेच येते. मधे एक खडकाळ बेट आहे, टेलिग्राफ बेट. १८६४ साली हिंदुस्थानला आखातामार्गे विलायतेशी जोडणारी तार समुद्रातून टाकली, तेव्हा इथे तारेचे ठाणे होते. आता पडक्या भिंती उरल्या आहेत. त्या उन्हात, त्या एकांतात तार सांभाळत बसलेल्या माणसांचे मला फार वाटले.

त्या रात्री शमाल सुटला. शमाल म्हणजे उत्तर. आखातावर वायव्येकडून येणारा हा वारा हिवाळ्यात कधी कधी दोन-तीन दिवस थांबत नाही. आमचे मुंबईचे विमान शनिवारी पहाटे तीनला होते. शुक्रवारी पहाटे निघायचा बेत फसला. आठ वाजता मामू वही घेऊन बसले आणि मुलांचे अब्बा घड्याळ घेऊन.

दुबईची वाट नैर्ऋत्येला, वारा वायव्येचा, म्हणजे लाटा बरोबर कुशीवर. सरळ गेले तर बोट पाळण्यासारखी डोलणार. म्हणून नागमोडी जायचे, थोडे लाटेकडे, थोडे लाटेपासून दूर. नकाशावरचे ९० मैल असे १०५ होतात. सात नॉटने रात्रीचे अकरा वाजणार, मग बंदरावरचे कागद, विमान हुकणार. "मग आठने चला ना," मुलांचे अब्बा म्हणाले. "टाकीत पाचशेच्या वर लिटर आहे."

मामूंनी शांतपणे मांडून दाखवले. १०५ मैल, आठ नॉट, तेरा तास. अशा समुद्रात इंजिनाचा खर्च चौथाईने वाढणार, २२ चे साडेसत्तावीस. जनरेटर धरून साडेतीस. एकूण ४०० लिटर. आतापर्यंत ३०५ गेलेले. वापरण्याजोगे ५०५ उरलेले. पोचेपर्यंत १०५. "आणि बोट इतकी हलली की तळाचा गाळ वर येतो, फिल्टर तुंबतो. टाकीत डिझेल असून इंजिन बंद पडते. मग १०५ असले काय नि ५०० असले काय?"

"इथे डिझेल मिळेल की."

"मिळेलही. आज जुमा आहे, बंदर परके आहे, कधी मिळेल ते मला ठाऊक नाही. जे मिळण्याची खात्री नाही ते मी हिशेबात धरत नाही, जावईबापू."

जावईबापू गप्प बसले, पण त्यांचा चेहरा सांगत होता. चार माणसांची तिकिटे होती. मलाही राग आला होता, खोटे का बोलू? ज्यांच्या बोटीवर आपण पाहुणे आहोत त्यांच्यावर रागावता येत नाही, एवढेच.

संध्याकाळी मामूंनी मला डेकवर बोलावले. त्यांनी जे सांगितले ते आईने मला कधी सांगितले नव्हते. ते १९ वर्षांचे असताना त्यांची लाँच मासळीच्या मागे ठरल्यापेक्षा बरीच दूर गेली. तांडेलने अख्खी टाकी हिशेबात धरली होती. परतताना वारा समोरून आला, आणि दीपगृहाचा दिवा दिसू लागला तेव्हा इंजिन खोकून बंद पडले. डोळ्यांसमोर दिवा आणि लाँच हळूहळू त्याच्यापासून लांब वाहत चाललेली. दोन रात्री अशा गेल्या. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या एका लाँचने ओढून आणले.

"नानी दोन रात्री धक्क्यावर बसून होती. मी उतरलो तेव्हा रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, 'घरी यायचं डिझेल वेगळं काढून ठेवलं नव्हतंत का रे?' नाना शिडावर जायचे तेव्हा ती पाण्याची पिंपं मोजायची. किती दिवस लागतील त्याहून जास्त दिवसांचं पाणी. तिला वाटलं होतं, इंजिनवालेही तसं करत असतील."

थोड्या वेळाने म्हणाले, "तुझी मुलं माझ्या बोटीवर आहेत. तिकडे तुझी आई बसलेली आहे. तिकिटाचे पैसे मी देईन."

त्या रात्री त्यांनी जनरेटर चारच तास चालवला. १२ लिटर. आम्ही बॅटरीच्या दिव्यात जेवलो आणि मुलांना तीच सगळ्यात मोठी गंमत वाटली.

मध्यरात्रीनंतर वारा पडला. शनिवारी पहाटे चारला, आमचे विमान उडून गेल्यावर तासाभराने, आम्ही निघालो. वारा नव्हता, पण त्याने उठवलेल्या जड लाटा उरल्या होत्या. तरी थोडी नागमोड घ्यावीच लागली. ९८ मैल, सात नॉट, १४ तास, तासाला १७ लिटर. अर्ध्या वाटेवर मामूंनी पट्टी बुडवली, उरलेले मैल आणि उरलेले लिटर एकमेकांशेजारी लिहिले आणि मग चहा मागितला. दर सफरीत ते असे करतात. परत फिरायचे की पुढे जायचे हे अर्ध्या वाटेपर्यंतच ठरवता येते, नंतर बोटच ठरवते.

सहा वाजता दुबईला लागलो. दोरखंड बांधून झाल्याबरोबर मामूंनी आधी मामींना फोन केला, मग वही काढली. टाकीत ३४५ लिटर होते. तळाचे ९० सोडले तर २५५. ठेवायचे होते २७०.

त्यांनी लिहिले: "अमानतीतून १५ लिटर घेतले." आणि दुसऱ्या दिवशी शेठला चाव्या द्यायच्या आधी बोट डिझेलच्या धक्क्याला नेली.

तिकिटाचे पैसे मुलांच्या अब्बांनी घेतले नाहीत. आता ते गावी दुचाकी काढताना टाकीचे झाकण उघडून, हलवून पाहतात. मी हसते, तर म्हणतात, "काट्यावर माझा भरवसा नाही."