कड

सकाळी दहाच्या सुमारास आमच्या लॅबचा पोऱ्या दवाखान्यांची फेरी मारून येतो आणि टेबलावर डबे मांडतो. डब्यात कुणाच्या तरी दातांचं माप, सोबत चिठ्ठी : छत्तीस नंबर, ऑनले, शेड ए-टू. पेशंट मला कधीच दिसत नाही. डॉक्टरांचीही महिनोन् महिने गाठ पडत नाही. पण माप उजेडात धरलं की डॉक्टर कसा आहे ते समजतं. 1948 च्या डेंटिस्ट्स ॲक्टमध्ये आम्हाला 'डेंटल मेकॅनिक' म्हटलंय आणि मला ते आवडतं. गाडी कोण कशी चालवतो हे गॅरेजवाल्याला क्लच प्लेट बघून कळतंच की.

दाढेला चार-पाच उंचवटे असतात. कीड त्यांच्या मधल्या खोलगटापुरती असेल, तर तिथे बसवायचा तुकडा म्हणजे इनले. एखादा उंचवटाच खचला असेल आणि त्यालाही झाकून घ्यायचं असेल, तर ऑनले. दोन्ही तोंडाबाहेर घडवायचे आणि मग आत चिकटवायचे. पूर्वी चांदी भरायला दातात जो खड्डा करत, तो तांब्यासारखा असे, आत रुंद नि तोंडाशी अरुंद. भरलेलं बाहेर येऊ नये म्हणून. इनलेचा खड्डा फुलपात्रासारखा हवा, तोंडाशी किंचित उमललेला. नाहीतर घडवलेला तुकडा आत जाणार कसा? अजूनही कधीकधी तांब्याचं माप येतं. मी फोन करतो. पलीकडून उत्तर येतं, "करा ना ॲडजस्ट, दादा."

आमचं मूळ गाव विट्याजवळ. आजोबा गलाईवाले, आमच्या भागातल्या कितीतरी घरांसारखेच सोनं-चांदी गाळायला तामिळनाडूत गेलेले. मी पहिल्यांदा सोन्याचा इनले ओतला, तेव्हा त्यांना दाखवायला गावी नेला. मेणाचा तुकडा कोरायचा, साच्यात पुरायचा, मेण जाळायचं आणि त्या पोकळीत सोनं ओतायचं. शिकागोच्या विल्यम टॅगार्टनं 1907 मध्ये ही रीत दंतवैद्यांपुढे मांडली, असं मी मोठ्या ऐटीत सांगितलं. मूर्ती ओतणारे हेच करत आलेत, असं म्हणून त्यांनी टॅगार्टला निकालात काढलं. सोनं थंड होताना सुमारे दीड टक्का आक्रसतं, म्हणून साचा आधी तेवढा फुगवून घ्यावा लागतो. हे मात्र त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मग इनले प्लास्टरच्या दाढेवर बसवला, डोळे मिटले आणि सांध्यावरून नख फिरवलं.

"लागतंय," म्हणाले. "कड बघ."

या कामातलं सगळं त्या कडेत आहे. दात संपतो आणि तुकडा सुरू होतो तिथे फट राहिली की जंतूंना दार उघडं; वरून काम कितीही देखणं असो, खाली कीड पुन्हा सुरू. सोनं मऊ, त्याची कड घासून दाताला लगटवता येते. आता सोनं मागतो कोण? सगळ्यांना दाताच्या रंगाची सिरॅमिक हवी, आणि तिची कड अशी वळत नाही, तुटते. उंचवट्यावर तिला दीड-दोन मिलिमीटर जाडी लागते. डॉक्टरनं तेवढी जागा केली नसेल, तर माझ्या हातात काही नसतं.

चांगल्या मापात कड सलग दिसते, पेन्सिलीनं ओढल्यासारखी. घाईच्या मापात ती हिरडीपाशी बुडते, रक्ताचा बुडबुडा येतो, आणि तिथून पुढे कड कुठे गेली असेल याचा अंदाज मी करायचा. हल्ली बरेच जण कॅमेऱ्यानं स्कॅन पाठवतात. झ्युरिकमध्ये 1985 साली खुर्चीशेजारच्या यंत्रावर पहिला इनले कोरून बसवला गेला, तेव्हापासून यंत्रं फार सुधारली. पण हिरडी बाजूला सारली नसेल, लाळ पुसली नसेल, तर कॅमेऱ्यालाही कड दिसत नाही. महागडं यंत्र बघून डॉक्टर निवडू नका, हे मी लॅबमध्ये तसल्याच यंत्रापुढे बसून लिहितोय.

शेजारचे काका विचारतात, "मग निवडायचा कसा? आम्हाला थोडंच माप बघायला मिळतं!" मी सांगतो, विचारा, 'कॅप न घालता भागेल का?' कॅपसाठी दाढ चहूबाजूंनी तासावी लागते. ते डॉक्टरला सोपं, मलाही सोपं. ऑनलेत जेवढं सडलं तेवढंच काढायचं आणि उरलेल्याला धरून बसायचं, किचकट काम. दाढ पार पोकळ असेल तर कॅपच बरी, तेव्हा उत्तर 'नाही' आलं म्हणून बिचकू नका. एक्स-रे समोर धरून कारण सांगतो का, ते बघा. दुसरं, चिकटवताना रबराचा पडदा लावता का, तेही विचारा. न्यूयॉर्कच्या सॅनफोर्ड बार्नमनं 1864 मध्ये काढलेली ही युक्ती. दात लाळेपासून कोरडा राहतो. सिरॅमिक चिकटवताना दात ओला झाला तर माझी सगळी मेहनत त्या एका थेंबात जाते. 'कशाला, पटकन होतं' असं ऐकू आलं, तर दुसरा दवाखाना बघा.

माझी स्वतःची दाढ चिक्की खाताना तडकली. ओळखीचे पुष्कळ डॉक्टर फुकट करायला तयार होते. मी गेलो त्या मॅडमकडे, ज्यांच्याकडून माझी सर्वांत जास्त कामं परत येतात. चिठ्ठीवर कधी 'कॉन्टॅक्ट सैल, दोरा अडकत नाही', कधी नुसतंच 'कड'. त्यांच्यावर मी चिडलेलोही आहे. त्यांनी जुनी चांदी काढली, कोरलं, थांबून आरशात पाहिलं, पुन्हा कोरलं. हिरडीखाली दोरी सारून शांत बसून राहिल्या. माप घ्यायलाच तास गेला. एक उंचवटा वाचला.

ऑनले अर्थात मीच केला, इतका जपून की तसा कधी केला नसेल. त्यांनी दाढेवर बसवून पाहिला, भिंग लावलं, मला पुन्हा टेंपररी घातली आणि तुकडा डबीत भरून माझ्याच हातात दिला. आत्ता तोंडात आहे तो दुसरा.