दिलसुखनगरातला चौपदरी गोफ

दिलसुखनगरात पत्ता सांगायचा तर लोक मेट्रोच्या खांबाचा नंबर सांगतात. २०१८च्या सप्टेंबरात अमीरपेट ते एल. बी. नगर मेट्रो सुरू झाली आणि विजयवाड्याकडे जाणाऱ्या या रस्त्याला डोक्यावर छप्पर आलं. खाली मात्र होतं तेच राहिलं: बसगाड्या, कोचिंग क्लासेसचे फलक, वसतिगृहांतून बाहेर पडणारी मुलं, साईबाबा मंदिरापाशी गुरुवारची गर्दी. या रस्त्यावरून कुत्र्याला चालायला शिकवायचं म्हणजे पोहणं शिकवायला थेट पुराच्या पाण्यात उतरण्यासारखं आहे.

आमचा तिळ्या याच गल्लीतला. पाठीवर तिळासारखे काळे ठिपके, म्हणून लेकीनं ठेवलेलं नाव. वजन सतरा किलो, आणि बसच्या एअर ब्रेकचा ‘फुस्स’ आवाज हा त्याचा जन्माचा वैरी. पावसाळ्यात एके सकाळी तो आवाज आला, तिळ्यानं हिसका मारला आणि दुकानातून आणलेल्या चकचकीत पट्ट्याची हुकाजवळची शिलाई उसवली. तो मुख्य रस्त्यावर, लेक त्याच्यामागे, आणि समोरून शहर बस. चालकानं ब्रेक दाबला म्हणून दोघंही घरी आले. त्या दिवशी कोणी नीट जेवलं नाही.

तेव्हा अण्णा, म्हणजे माझे वडील, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी उदगीरहून आमच्याकडे आले होते. देवणी आणि लाल कंधारी जनावरांच्या मुलखात आयुष्य गेलेला माणूस. त्यांनी तो पट्टा हातात घेऊन उलटसुलट केला आणि म्हणाले, “शिलाईवर जीव टांगतेत का गं कुठं? बैलाचा कासरा बघितलास का कधी शिवलेला?”

मी बघितला नव्हता. कासरा, दावं, म्होरकी, वेसण: हे सगळं वळलेलं किंवा विणलेलं असतं. अंबाडीचा नाहीतर घायपाताचा वाख काढून दोरखंड वळणं हे मातंग समाजाचं पिढीजात कसब. पोळ्याला बैलांचा सगळा साज नवा व्हायचा तो त्यांच्या हातचा. अण्णा ते गावातल्या अशाच एका म्हाताऱ्यांकडून शिकले, हे मला इतक्या वर्षांनी त्या दिवशी कळलं. आता गावात नायलॉनच दिसतं.

दोरी आणायला आम्ही दोघं बेगम बाजारात गेलो. दिलसुखनगरहून उस्मानिया मेडिकल कॉलेज स्टेशन पाचवं, तिथून पुढे रिक्षा. दुकानदारानं विचारलं, “कित्ता होना?” अण्णांनी त्यांच्या शाळेतल्या उर्दूची धूळ झटकली आणि दोघांचं असं जमलं की मला मध्ये बोलायला जागाच राहिली नाही. (दखनीतला ‘वैसाइच’मधला ‘च’ आपल्या मराठीचाच, हे इथं राहणाऱ्या मुलांना मुद्दाम सांगायला हवं.) नायलॉनची दोरी जास्त मजबूत आणि स्वस्तही होती, पण अण्णांनी ती तळहातावरून सर्रकन ओढून दाखवली. कुत्र्यानं ओढ घेतली की नायलॉन हात भाजतो. शेवटी चार मिलिमीटर जाडीची, घट्ट विणीची सुती दोरी पंधरा मीटर घेतली. शिवाय पितळी हूक, भोवरकडीचा. भोवरकडी नसेल तर कुत्रा गोल फिरला की दोरीला पीळ चढतो.

आता हिशेब. विणताना दोरी आखडते. आधी फूटभर विणून पाहिली, तर दीड फूट लागली. आम्हाला पाच फुटांची दोरी आणि वर मुठीचा फास हवा होता, म्हणजे साडेसहा फूट विण. त्यासाठी वीस-वीस फुटांचे दोन तुकडे हुकाच्या कडीतून ओवून मधोमध दुमडले, की चार पेड झाले. एक जोडी पांढरी, एक निळी.

चौपदरी गोल वीण दिसते अवघड, पण नियम एकच. सर्वांत डावीकडचा पेड मागून दोन पेडांच्या पलीकडे न्यायचा, पुढे आणायचा आणि एका पेडावरून परत डावीकडे घ्यायचा. मग हेच उजवीकडून. डावा शेवटी डावीकडेच राहतो, उजवा उजवीकडे. हूक दाराच्या कडीला अडकवून अण्णा विणत होते आणि मी बघत होते. पट्टी असलेला डोळा मिटलेला, बोटं आपली चाललेली. मग लेक बसली. तिचं चुकलं की अण्णा म्हणत, “उलटं चाल, सुटतंय.”

गोव्यात शिगम्याला गोफ नाचतात तेही हेच. मांडवाला मधोमध रंगीत दोऱ्या टांगलेल्या, एकेक दोरी एकेकाच्या हातात, आणि पावलांच्या गतीनं वर वेणी विणली जाते. मग उलट्या पावलांनी सगळी उलगडते. लेकीला त्याचा व्हिडिओ दाखवल्यावर तिचा हात एकदम बसला.

टोक दुमडून फास केला, उरलेले पेड विणीत परत खुपसले आणि वरून मेणाच्या दोऱ्याचे घट्ट वळसे दिले. सुताला नायलॉनसारखं जाळून टोक बंद करता येत नाही, तिथं हे वळसेच कामाचे. मग परीक्षा: वीस लिटरचे पाण्याचे दोन कॅन टांगून रात्रभर ठेवले. सतरा किलोच्या कुत्र्याला चाळीस किलो कशाला, असं लेकीनं विचारलं. वजन वेगळं आणि हिसका वेगळा, अण्णा म्हणाले. बैलाचं सांगत होते, पण लागू सगळ्यांनाच.

शिकवणं मात्र दोरीनं होत नाही. पहाटे साडेपाचला, रस्ता जागा व्हायच्या आत निघायचं. दोरी ताणली की आपण थांबायचं, सैल पडली की चालायचं आणि खाऊ द्यायचा. घाबरणाऱ्या कुत्र्याची दोरी गळ्याच्या पट्ट्याला नाही, छातीच्या पट्ट्याला लावायची. हाताला गुंडाळायची तर कधीच नाही, बोटं जातात. सुती दोरी भिजली की लवकर वाळत नाही, म्हणून पावसाळ्यासाठी दुसरी हवीच. आणि दर रविवारी फास आणि हुकाजवळची वीण बोटांनी चाचपायची, कारण तिळ्या संधी मिळाली की ती चघळतो.

दोन महिने झाले. बस आली की तो अजून गोठतो, पण पळत नाही. लेकीकडे बघतो. मंदिराच्या गल्लीपर्यंत दोरी बहुतेक सैल असते.

अण्णांची पट्टी निघाली तरी ते अजून इथंच आहेत. शेजारच्या वसतिगृहातली मुलं गल्लीतल्या दोन कुत्र्यांना खायला घालतात, त्यांनी दोरीची मागणी केली आहे. अण्णांचा भाव ठरलेला: दोरी त्यांनी आणायची, विणायचीही त्यांनीच, अण्णा फक्त शिकवणार. चहा मात्र माझ्याकडून.