माळावरचे एक अंडे

सोलापूरकडच्या आमच्या माळावर लहानपणी मी माळढोकाचे अंडे पाहिले. ना घरटे, ना काडी. उघड्या भुईवर एकच अंडे. उचलायला वाकले, तशी आजी ओरडली, "हात लावू नगं गं पोरी!" आजीला कायदा कुठला ठाऊक? पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पाखरू पकडणे, त्याच्या अंड्यांना धक्का लावणे, हीसुद्धा शिकारच धरली आहे.

"मग संशोधक साहेब कसे हात लावतात?" माझा नातू विचारतो. बाळा, त्यांनाही मुख्य वन्यजीव रक्षकाचा लेखी परवाना लागतो आणि तो का दिला, याची कारणे लिहावी लागतात. परवानगी घेऊनच २०१९ पासून राजस्थानात जैसलमेरकडे माळढोकाची अंडी उचलून उबवली, पिल्ले वाढवली.

मला सलते ते निराळेच. अमेरिकेत १९७३ च्या कायद्याप्रमाणे असा अर्ज आला की तो राजपत्रात जाहीर करतात. मग तीस दिवस कुणालाही आपले म्हणणे मांडता येते. आपल्या कायद्यात ही सोय नाही. पाखरू कुठे बसते, कधी अंडे घालते, हे मेंढपाळाला पक्के ठाऊक. पण त्याला विचारतो कोण?

तेव्हा आपणच पुढे होऊ या. २००२ च्या कायद्याने गावच्या जैवविविधता समितीकडे लोकनोंदवही दिली आहे. आपण पाहिलेले तिच्यात लिहवून घ्या. आणि कुणी पाखरू धरताना दिसलाच, तर भीड न धरता विचारा, "साहेब, परवाना दाखवता का?"