रॅकवरची बॅग

"ही कुणाची बॅग?" मुंबईच्या लोकलमध्ये कुणी मोठ्याने असं विचारलं की डब्यातल्या गप्पा बंद पडतात. दुपारच्या बदलापूर लोकलमध्ये, लेडीज डब्यात, मीच ते विचारलं. मुलुंड मागे पडलं होतं. रॅकवर एक निळी, फुगलेली बॅग होती आणि खाली बसलेल्या कुणाचीच ती नव्हती. खिडकीपाशी बसलेल्या काकू उठून दाराशी गेल्या. "हात नका लावू," कुणीतरी म्हणालं. 11 जुलै 2006 च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत 11 मिनिटांत 7 स्फोट झाले होते. घरच्यांना फोन लागत नाही म्हणून त्या रात्री जीव टांगणीला लागलेल्या बायका या डब्यातही असतील. त्यांच्या भीतीला मी कधीच नावं ठेवणार नाही.

मी रेल्वेच्या हेल्पलाइनचा 139 नंबर लावला. गाडी कितीची, फास्ट की स्लो, पुढचं स्टेशन कोणतं, डब्याचा नंबर काय? डब्याचा नंबर आतच रंगवलेला असतो, हे कॉलेजातल्या एका मुलीला माहीत होतं. तिने तो शोधून वाचला. ठाण्याला रेल्वे सुरक्षा दलाची, म्हणजे आरपीएफची, एक महिला कॉन्स्टेबल आणि तिचा सहकारी तयारच होते. तपासून त्यांनी बॅग खाली घेतली. "पहिल्यांदा कुणी बघितली? ताई, चला बरोबर."

चौकीत बॅग उघडली आणि माझा गळा दाटून आला. आत ब्लाउजपीस होते, प्रत्येकाला टाचणीने चिठ्ठी लावलेली: छाती 36, बाही 9, गळा मागून खोल. फॉलची गुंडाळी. अर्धा खाल्लेला डबा. आणि मापाचे जुने ब्लाउज. आपल्या अंगाला नेमका बसणारा ब्लाउज बाई मापाला देते. तो गेला तर पैसे देऊन भरून निघत नाही, आणि शिवणारीचं गिऱ्हाईक कायमचं तुटतं. कॉन्स्टेबल एकेक वस्तू वहीत उतरवत होती. "ब्लाउज, जुना, हिरवा, नग 1." किमतीपाशी तिचं पेन थांबलं. मग तिने काहीतरी अंदाजे आकडा लिहिला. खाली माझं नाव, पत्ता, मोबाइल, सही. सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर ती नीट सांभाळायची जबाबदारी 1872 च्या करार कायद्यानेच टाकलेली आहे. ती सही करताना मला ते ओझं वाटलं नाही, बरंच वाटलं.

तळाशी एका फॉल-पिकोच्या दुकानाचं पावतीपुस्तक सापडलं. दुकानदाराने बॅगवाल्या बाईला निरोप दिला आणि ती घाटकोपरहून आली. बॅग तिला आधी दाखवलीच नाही. "काय काय होतं, सांगा." तिने रंग सांगितले, मापं सांगितली, सुयांच्या डबीचं झाकण फुटलंय हेही सांगितलं. मग सही घेऊन बॅग हातात दिली.

तिने कुठेही तक्रार केली नव्हती. "गाडीत राहिलेलं कुठं मिळतं होय?" ती म्हणाली. माझा राग आहे तो इथे. बेवारस वस्तूला हात लावू नका, हे आपल्या कानांवर रोज पडतं. आपलीच वस्तू राहिली तर कुठे जायचं, कोणता नंबर फिरवायचा, हे मी तरी तितक्या मोठ्या आवाजात कधी ऐकलेलं नाही. सापडलेल्या सामानाचे फोटो पश्चिम रेल्वेचं आरपीएफ 'मिशन अमानत'मध्ये वेबसाइटवर टाकतं, 2022 पासून. काम चांगलंच आहे, पण शिलाई घेऊन लोकलने फिरणारी बाई वेबसाइट उघडून फोटो बघत बसणार नाही. तिच्यासाठी 139 हा आकडा प्रत्येक रॅकखाली मराठीत, ठळक रंगवायला हवा.

आमच्या भिशीत मी सगळ्यांना बॅगेत आपल्या फोन नंबरची चिठ्ठी ठेवायला लावली. अनोळखी माणसाच्या हाती आपला नंबर नको, असं दोघी-तिघींचं म्हणणं पडलं. त्यांनी वाण्याच्या दुकानाचा नंबर लिहिला. वाण्याला तसं सांगूनही ठेवलंय.