अठ्ठ्याहत्तर पत्ते आणि एक वही

टॅरो शिकते आहे असं सांगितलं की आपल्या मंडळींच्या दोनच प्रतिक्रिया होतात. निम्मे जण "अगंबाई, तू सुद्धा?" म्हणून काळजीने बघतात. उरलेले हळूच बाजूला घेऊन विचारतात, "आमच्या अथर्वला मेडिसिनला ॲडमिशन मिळेल का गं?" आणि गंमत म्हणजे दिवाळीच्या कार्यक्रमात चहाची रांग संपेपर्यंत पहिल्या गटातले दोघं-तिघं दुसऱ्या गटात आलेले असतात. यंदा स्मरणिकेसाठी लेख मागितलाच आहे, तर म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकावं.

माझं माहेर साताऱ्याचं. बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे. बाजारात एक पोपटवाला ज्योतिषी बसायचा. पोपट पिंजऱ्यातून बाहेर यायचा, चोचीने एक पाकीट ओढायचा आणि मुकाट्याने परत आत जायचा. मला ते बघायला फार आवडे. बाबा माझा हात ओढत म्हणायचे, "त्या पोपटाला विचार, बाबा रे, तुझी सुटका कधी आहे?" डॉ. नरेंद्र दाभोलकर आमच्या साताऱ्याचेच. १९८९ मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली, तेव्हा दादा कॉलेजात होता आणि समितीच्या कार्यक्रमांना खुर्च्या मांडायला जायचा. २०१३ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात त्यांचा खून झाला त्या दिवशी मी इथून फोन केला, तर दादाला बोलता येईना. अशा घरातली मी मुलगी. टॅरोचं कळल्यावर दादा फोनवर एवढंच म्हणाला, "आता पोपटही पाळ."

खरं सांगायचं तर मला जलरंग शिकायचे होते. २०१७ मध्ये लेक युनिव्हर्सिटीला गेली आणि गुरुवारची संध्याकाळ मोकळी झाली. कम्युनिटी सेंटरमध्ये गेले तर चित्रकलेचा वर्ग भरलेला, शेजारच्या खोलीत टॅरोच्या वर्गाला जागा होती. शिकवणाऱ्या बाई निवृत्त नर्स. पहिल्याच दिवशी त्यांनी आमची अर्थ सांगणारी छोटी पुस्तकं गोळा करून कपाटात ठेवून दिली. तीन महिने पुस्तक बघायचं नाही. रोज सकाळी एक पत्ता काढायचा, पाच मिनिटं नुसता बघायचा आणि वहीत लिहायचं: नजर आधी कुठे गेली? चित्रातला माणूस आत्ता काय करतोय? हे बघून कोण आठवलं?

थोडं या पत्त्यांविषयी सांगते, कारण ते ऐकल्यावर दादासुद्धा जरा नरमला होता. टॅरोचे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत निघाले ते खेळण्यासाठी. भविष्यबिविष्य काही नाही, आपण मेंढीकोटात करतो तसे हात करायचे. ७८ पत्त्यांपैकी ५६ आपल्या ओळखीचे, चार रंगांचे. उरलेल्या २२ मध्ये २१ हुकमाचे आणि एक 'फूल', म्हणजे मूर्ख! युरोपात पत्ते गेले ते इजिप्तच्या मामलुकांकडून. त्यांच्या पत्त्यांवर पेले, तलवारी, नाणी आणि पोलोच्या काठ्या असत. पोलो ठाऊक नसलेल्या युरोपियनांनी त्या काठीचा सरळ दंडुका करून टाकला. मामलुकांच्या पत्त्यांवर 'कंजिफा' हा शब्द सापडतो, आणि आपल्या सावंतवाडीचा गंजिफा हा त्याच शब्दाचा भाऊ. दशावतारी गंजिफा म्हणजे दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, असे १२० गोल पत्ते. आपल्याकडे मत्स्य-कूर्म-वराह खेळातच राहिले. तिकडे १७८१ मध्ये एका फ्रेंच विद्वानाने जाहीर केलं की टॅरो म्हणजे प्राचीन इजिप्तचं गुप्त ज्ञान आहे. त्या वेळी इजिप्तची चित्रलिपी जगात कुणालाच वाचता येत नव्हती. ती लागली १८२२ मध्ये. पण बोलणाऱ्याला कोण अडवणार!

आज जगभर सगळ्यात जास्त दिसणारा गठ्ठा मात्र लंडनमधला, १९०९ चा. कल्पना आर्थर वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ या बाईची. त्याआधी बहुतेक गठ्ठ्यांत साध्या पत्त्यांवर नुसते पाच पेले, सात तलवारी असं मोजून काढलेलं असे. पामेलाने प्रत्येक पत्त्यावर एक प्रसंग उभा केला. माणसं, त्यांचे हात, पाठी, आकाश, हवा. पुस्तकाशिवाय पत्ता बघता येतो तो या बाईमुळे. कामाच्या मानाने पैसे फारच थोडे मिळाल्याचं तिने तेव्हाच एका परिचिताला लिहिलं होतं. १९५१ मध्ये ती कॉर्नवॉलमध्ये कर्जातच वारली. गठ्ठ्याला नाव मात्र प्रकाशकाचं आणि वेटचं, 'रायडर-वेट'. तिची सही चित्राच्या कोपऱ्यात बारीक वेटोळ्यासारखी असते, शोधल्याशिवाय दिसत नाही.

तर वही. पहिल्याच आठवड्यात 'फाइव्ह ऑफ पेंटॅकल्स' आला. बर्फात दोन फाटकी माणसं चालली आहेत, एक कुबड्यांवर, वर चर्चची रंगीत काचेची खिडकी उजळलेली. वर्गातल्या सगळ्या इंग्लिश बायकांनी गरिबी, आजार असं लिहिलं. माझी नजर गेली ती खिडकीवर. आम्ही १९९८ च्या नोव्हेंबरमध्ये आलो तेव्हा चार वाजताच अंधार व्हायचा. बसस्टॉपवर उभं राहून समोरच्या घरांच्या उजेडातल्या बैठकीच्या खोल्या बघत बसायची मी. आत कुणीतरी चहा पितंय, टीव्ही चालू आहे, आणि आपण काचेच्या या बाजूला. मी वहीत लिहिलं, 'दार चित्रात दाखवलेलंच नाही.' बाईंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, "हे तुझं. पुस्तकात नाही मिळणार." आणि तो 'फूल'! कड्याच्या टोकाशी उभा, खांद्यावर काठीला लावलेलं एवढंसं गाठोडं, पायाशी उड्या मारणारं पांढरं कुत्रं. प्रत्येकी दोन बॅगा आणि प्रेशर कुकर घेऊन हीथ्रोला उतरलेले आम्ही दोघं मला लगेच ओळखू आलो. फक्त आमचं गाठोडं जड होतं.

अंतःप्रेरणा, इंट्युइशन वगैरे मोठे शब्द लोक वापरतात, त्याचा अनुभव मला असा आला. पण त्याच वहीने दुसरी गोष्टही दाखवली. दुसऱ्या वर्षीच्या नोव्हेंबरची पानं महिनाअखेरीस चाळली, तर तीस दिवसांपैकी अकरा दिवस मी 'आई' लिहिलं होतं. 'फोर ऑफ सोर्ड्‌स'मध्ये थडग्यावर कोरलेला सरदार हात जोडून पहुडलेला असतो. मी लिहिलं होतं, हॉस्पिटलची खाट. 'मून'मध्येही आई, आणि 'नाइन ऑफ कप्स'मधल्या जाडजूड खुशालचेंडू माणसातसुद्धा आई! आई तेव्हा ८१ वर्षांची, साताऱ्याला दादाकडे, तब्येत बरी होती. बाईंना दाखवलं तर त्या म्हणाल्या, "पत्ते तुझ्या आईबद्दल काहीच सांगत नाहीयेत. तुला भीती वाटते आहे, एवढंच ही वही सांगते." त्या रात्री मी तिकीट काढलं. सहा आठवडे आईजवळ राहून आले. ती ठणठणीत होती, मला रोज भाकरी करायला लावत होती.

तेव्हापासून दुसऱ्या कुणाचा पत्ता बघताना पहिलं मनात आलेलं वाक्य मी तोंडातून काढत नाही. ते समोरच्याचं आहे की माझं, हे आधी चाचपते. हे जमायला मला अर्थ पाठ करण्यापेक्षा कितीतरी जास्त दिवस लागले.

आमच्या घरातले इंजिनिअर अर्थातच हसतात. त्यांनी मला १९४८ चा एक प्रयोग ऐकवला. बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांची चाचणी घेऊन प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचं वर्णन लिहून दिलं. वर्णन किती जुळतं याला त्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. मग कळलं की सगळ्यांना एकच वर्णन दिलं होतं, तेही ज्योतिषाच्या एका स्वस्त पुस्तकातून उचललेलं! मी म्हटलं, अगदी कबूल. म्हणून तर मी वर्णन करतच नाही, विचारते. पैसे घेत नाही. परीक्षा, व्हिसा, आजार यांवर पत्ते काढत नाही. छातीत गाठ लागते आहे असं एक मैत्रीण सांगायला लागली, तेव्हा पत्ते डब्यात घातले आणि तिला माझ्यासमोर जीपीला फोन लावायला लावला.

मागच्या हिवाळ्यात मंडळातल्या एक काकू आल्या होत्या. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, नाव नको म्हणाल्या. मुलगा टोरांटोला असतो. वर्षभर त्याचा फोन नाही. काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. "तो परत बोलेल का, एवढंच बघ," म्हणाल्या. मी म्हटलं, "काकू, ते यात दिसत नाही. पण एक पत्ता काढा, दोघी मिळून बघू."

'एट ऑफ कप्स' आला. आठ पेले एकावर एक रचलेले, लाल अंगरखा घातलेला माणूस काठी घेऊन डोंगराकडे निघालाय, पाठ आपल्याकडे, वरून चंद्र बघतोय. माझ्या मनात लगेच वाक्य आलं, हा मुलगा. मी ते गिळलं आणि विचारलं, "काय दिसतंय तुम्हाला?"

काकूंनी चष्मा पुसला. बराच वेळ बघत राहिल्या. "ह्याने निघायच्या आधी पेले नीट रचून ठेवलेत गं. रागाने नाही निघालेला." मग बोट ठेवून म्हणाल्या, "वरच्या रांगेत एकाची जागा मोकळी आहे बघ." ती फट मी इतक्या वेळा पत्ता बघूनही कधी लक्षात घेतली नव्हती.

"ही मी आहे," काकू म्हणाल्या.

१९७४ मध्ये लग्न होऊन त्या मिरजेहून निघाल्या. आई स्टेशनवर आली नाही, दारातच उभी राहिली. "मी वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर पाऊल निघालं नसतं माझं. आणि ती तिथे उभी राहून म्हणत असेल, पोरीला काहीच कसं वाटत नाही." पुढे त्यांची आई गेली तेव्हा काकूंना वेळेवर पोहोचता आलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. त्या दिवशी त्यांनी ते काढलं नाही. फक्त, "मग हा पण..." इतकं म्हणून थांबल्या.

मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं माझ्याकडे नव्हतंच. चहा निवला होता म्हणून दुसरा ठेवला, आलं किसून घातलं. परत आले तर काकू तसाच पत्ता हातात धरून बसलेल्या.

"टोरांटोत आत्ता किती वाजले असतील गं?" त्यांनी विचारलं.

आपल्याकडे चार वाजले होते. म्हटलं, "सकाळचे अकरा."